कुलूप त्यांचे, तोटा आमचा



कापसाचा व्यापारी पळाला म्हणजे काय होते, हे आपल्या कोरडवाहू मुलखात कोणाला शिकवावे लागत नाही. खेडा खरेदीत काटा लावून माल उचलतो, 'पैसे पंधरा दिवसांनी' म्हणतो आणि सोळाव्या दिवशी त्याच्या दुकानाला कुलूप असते. मग निदान गाव ओरडते. ठाण्यात जाते, बाजार समितीच्या दारात बसते, तालुक्याच्या पुढाऱ्याला जाब विचारते.

आता दुसऱ्या जातीचे कुलूप आपल्या भागात दिसू लागले आहे. फी घेऊन बसलेल्या शाळेचे. सकाळी पोरगं दप्तर घेऊन रस्त्यावर उभे राहते आणि पिवळी गाडी येत नाही. फोन लावावा तर बंद. बाप मोटारसायकलवर पोराला घेऊन शाळेत जातो तर फाटकाला साखळी आणि एक कागद डकवलेला, 'अपरिहार्य कारणामुळे शाळा बंद'. कागदावर सही नाही, शिक्का नाही, पुढे काय करायचे त्याचा एक शब्द नाही.

आणि इथे मात्र गाव ओरडत नाही. कापसाचे पैसे बुडाले तर ती लूट आणि फीचे पैसे बुडाले तर ते नशीब, असे आपण धरून चाललो आहोत. हे नशीब नाही. ही लूटच आहे, आणि तिचा हिशेब कापसाच्या लुटीसारखाच मांडता येतो.

चार क्विंटलची शाळा

तालुक्याच्या गावाबाहेर, बारा-पंधरा खेड्यांच्या मध्यावर, पत्र्याच्या नाहीतर भाड्याच्या इमारतीत चालणारी इंग्रजी माध्यमाची शाळा डोळ्यासमोर आणा. समजा वर्षाची फी १८ हजार, गाडीभाडे ९ हजार, पुस्तके, गणवेश, बूट मिळून ५ हजार. एका पोरामागे ३२ हजार रुपये झाले.

हे ३२ हजार म्हणजे किती, ते रुपयात कळत नाही. क्विंटलात मांडा. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला होता. म्हणजे एका पोराची शाळा चार क्विंटल कापसाची. संकरित ज्वारीचा हमीभाव त्याच हंगामाला ३,६९९ रुपये होता. ज्वारीत मोजले तर साडेआठ क्विंटलच्या वर. कोरडवाहू एकरात चार-पाच क्विंटल कापूस आला तर आपण वर्ष बरे गेले म्हणतो. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा करायची ती वेगळीच. म्हणजे एका पोराच्या शाळेला एका एकराचे सगळे पीक खर्च न काढता द्यायचे. पोरे दोन असतील तर दोन एकर.

हा हिशेबही हमीभावाचा आहे. त्या हंगामात कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला माल बाजारात यायचा तो काळ. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. मग व्यापारी देईल तो भाव. तेव्हा चार क्विंटलची शाळा कधी पाच क्विंटलची होते, ते बापालाही कळत नाही.

आता वेळ पाहा. शाळेला पैसा जूनमध्ये हवा. जूनमध्ये शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो, असलेला पैसा जमिनीत पेरायचा असतो. म्हणून फीचा पहिला हप्ता जातो सोने गहाण ठेवून, नाहीतर कृषी केंद्रवाल्याची उधारी लांबवून. दुसरा हप्ता दिवाळीनंतर, पहिल्या वेचणीचा. आणि शाळेला कुलूप बहुतेक वेळा लागते ते याच दोन ठिकाणी: दिवाळीची सुट्टी संपताना, नाहीतर उन्हाळ्याची सुट्टी संपताना. सुट्टीत फाटक बंदच असते, कोणाला संशय येत नाही. हप्ता जमा झालेला असतो.

कुलूप लागल्यावर खर्च थांबत नाही, दुप्पट होतो. नव्या शाळेचा प्रवेश, नवा गणवेश, नवी पुस्तके, लांबची गाडी. पहिल्या शाळेला दिलेले दोन क्विंटल गेले आणि दुसरीला द्यायला आणखी दोन क्विंटल आणायचे. हा पैसा कोणत्या पीककर्जात बसतो? कोणत्या विम्यात बसतो? कुठेच नाही. तो शेळी विकून येतो, दागिना मोडून येतो, किंवा येतच नाही.

'कोणी सांगितले होते इंग्रजी शाळेत घालायला?'

गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या बापाला पंचायत समितीच्या कचेरीत हाच प्रश्न ऐकावा लागतो. विचारणाऱ्या साहेबाची स्वतःची पोरे जिल्ह्याच्या ठिकाणी इंग्रजी शाळेत असतात, पण तो प्रश्न त्याला कोणी विचारत नाही.

याचे उत्तर सरळ आहे. शेतीत पोट भरत नाही म्हणून पोराने शेतीतून बाहेर पडावे असे बापाला वाटते, आणि बाहेर पडायचे दार इंग्रजीचे आहे असे त्याला दिसते. गावच्या शाळेत चार वर्गांना एक किंवा दोन गुरुजी. त्या गुरुजींना निवडणुकीचे काम, जनगणनेचे काम, वरून रोज मागितली जाणारी माहिती भरायचे काम. शिकवण्याची त्यांची इच्छा असली तरी त्यांना वर्गात राहू कोण देतो? हे पाहून बाप चार क्विंटल कापूस मोजतो. त्याला हव्यास म्हणणाऱ्याने आधी गावच्या शाळेत चार दिवस बसून यावे.

खाजगी शाळा काढूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला शाळा काढायची त्याने काढावी, चांगली चालवावी, चार पैसे मिळवावेत. त्या शाळांत सहा-आठ हजारांवर राबणारे मास्तर आणि बाईसुद्धा आपल्याच घरची डी.एड. झालेली पोरे आहेत. शाळा बुडते तेव्हा त्यांचेही पगार थकलेले असतात. आमचे भांडण त्यांच्याशी नाही. धंदा म्हटला की तो बुडू शकतो, हेही आम्हाला कळते, कारण आमचा धंदा दरसाल बुडतो. प्रश्न एवढाच आहे: बुडताना तोटा कोणी सोसायचा? फायदा संस्थेचा, मान्यतेचा अधिकार खात्याचा आणि तोटा तेवढा पालकाचा, हा कुठला न्याय?

बियाण्याचा ग्राहक, शिक्षणाचा कोण?

बोगस बियाणे निघाले, उगवले नाही, तर आपण तालुक्याच्या तक्रार समितीकडे जातो, पंचनामा करून घेतो, ग्राहक मंचात जातो. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक मंचात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात स्पष्ट केले. बी.टी.च्या पाकिटाला एवढे संरक्षण आहे.

आता फीची पावती घेऊन त्याच मंचात जा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये ठरवले की शिक्षण देणाऱ्या संस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. कारण काय, तर शिक्षण हा व्यापार नव्हे. फी घेताना तो व्यापार असतो, गाडीभाडे घेताना व्यापार असतो, बूट-मोजे 'आमच्याच दुकानातून घ्या' म्हणताना पक्का व्यापार असतो. पैसे परत मागायला गेले की ते पवित्र कार्य होते. उरतो तो दिवाणी दावा, नाहीतर फसवणुकीची फिर्याद. पंधरा हजार रुपयांसाठी दिवाणी कोर्टाच्या तारखा करणे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही, हे संस्थाचालकाला आपल्याहून चांगले ठाऊक असते.

कायदा बोलतो आणि नेमका गप्प बसतो

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १८ व्या कलमात मान्यतेची गोष्ट आहे. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि सांगूनही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. दंड जातो सरकारच्या तिजोरीत. ज्याने फी भरली त्याच्या हातात त्यातला रुपया येत नाही.

त्याच कलमात एक चांगली गोष्टही आहे. सरकारने एखाद्या शाळेची मान्यता काढली तर त्या आदेशातच, तिथली मुले शेजारच्या कोणत्या शाळेत जातील, हे लिहिले पाहिजे. म्हणजे सरकार शाळा बंद करते तेव्हा मुलाचे पुढचे ठिकाण आदेशात असले पाहिजे. पण संस्थाचालकाने रातोरात आपणहून साखळी लावली तर? त्या बाबतीत हे कलम काही बोलत नाही. मुलाच्या दृष्टीने दोन्हींत काय फरक आहे? कुलूप सरकारने लावले काय आणि चालकाने लावले काय, मूल रस्त्यावरच उभे आहे.

मान्यतेवर सही शिक्षणाधिकाऱ्याची असते. दरवर्षी पटाची माहिती त्याच्याकडे जाते. दोन-तीन वर्षे पट उतरतो आहे, मास्तर बदलत आहेत, इमारतीचे भाडे थकले आहे, ही लक्षणे केंद्रप्रमुखाला दिसत नाहीत काय? बोंडअळी पडायच्या आधी पतंग दिसतो, तो दिसावा म्हणून आपण सापळे लावतो. इथे पतंग डोळ्यासमोर उडत असताना खाते फाइल झाकून बसते, आणि बोंडे सडल्यावर 'आमच्याकडे लेखी तक्रार आली नाही' म्हणते.

सरकार स्वतःच थकबाकीदार

शाळा बुडण्याचे एक कारण सरकारच्या घरात आहे. याच कायद्याने खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आहेत आणि त्यांचा खर्च सरकारने शाळेला भरून द्यायचा आहे. महाराष्ट्रात २०१९-२० साली हा दर एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरला होता. दर ठरला, पैसे मात्र वर्षानुवर्षे थकत राहिले. मोठ्या शहरातली मोठी शाळा ती थकबाकी पचवते. आपल्या भागातल्या दोनशे पोरांच्या शाळेचे कंबरडे त्यानेच मोडते. कारखान्याने उसाचे पैसे थकवले की शेतकरी बुडतो, तसेच हे.

थकबाकी फेडण्याऐवजी फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. देणे टाळायचा हा डाव कोर्टाने मोडला, पण जुने देणे फेडा असे सांगायला गाव उठले नाही.

दुसरे कारण २०२० च्या टाळेबंदीचे. शाळा बंद, फी बंद, गाड्यांचे हप्ते चालू. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या शाळांची संख्या २०२०-२१ मध्ये १५.०९ लाख होती, ती २०२१-२२ मध्ये १४.८९ लाखांवर आली. एका वर्षात वीस हजार शाळा कमी झाल्या. खाजगी शाळा बंद पडणे आणि राज्यांनी सरकारी शाळा एकत्र करणे, ही दोन कारणे त्याच अहवालात दिली आहेत. या शाळांतल्या लेकरांच्या बापांना फी परत देण्याची योजना मात्र कोणी काढल्याचे ऐकिवात नाही.

पटाचा सापळा

वीस हजार कमी होण्याची ही दोन कारणे एकमेकांत कशी अडकली आहेत, ते नीट पाहा. खाजगी शाळेची गाडी गावात येऊ लागते. गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट तीसवरून अठरावर येतो. मग वरून हुकूम येतो की पट कमी, शाळा बंद करा. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले दुसरीकडे हलवायचे ठरवले. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचा घाट घातला. अशा शाळा राज्यात सुमारे पंधरा हजार निघाल्या, आणि त्या कुठल्या? डोंगरातल्या, पाड्यांवरच्या आणि आपल्यासारख्या कोरडवाहू वस्त्यांवरच्या.

आता पुढची पायरी. गावची शाळा पटाअभावी मिटली आणि दोन वर्षांनी खाजगी शाळेने साखळी लावली, तर पोराने जायचे कुठे? सरकारने आपली विहीर बुजवली, आणि टँकरवाला गेला निघून. गावच्या शाळेत आपले पोर असो वा नसो, ती शाळा ही गावाची विहीर आहे. ती बुजू द्यायची नाही.

सगळ्यात आधी कोणाची शाळा सुटते

शाळा बंद पडल्यावर घरात जी चर्चा होते ती मायबहिणींनी ऐकलेली आहे. पोराला तालुक्याला मामाकडे ठेवू, नाहीतर वसतिगृह पाहू. पोरीचे काय? 'राहू दे यंदा घरी, वेचणीला हात लागेल.' हे यंदा पुढच्या यंदापर्यंत जाते आणि तिसऱ्या यंदाला पाहुणे बघायला येतात. शाळेचे कुलूप पोरीच्या आयुष्यालाच लागते. एस.टी.ची अहिल्याबाई होळकर योजनेतली मुलींची मोफत पास आहे, मागास तालुक्यांत मानव विकास मिशनच्या बसगाड्या आहेत. त्या आपल्या गावावरून जातात की नाही, शाळेच्या वेळेला जातात की नाही, हे आगारप्रमुखाला विचारायला किती गावे गेली?

जे पोर गावच्या शाळेत परत येते त्याचेही हाल कमी नाहीत. चौथीतले पोर इंग्रजी अक्षरे गिरवते आणि मराठी जोडाक्षरापाशी अडते. त्याला मागच्या बाकावर बसवून 'इंग्रजीवाला' म्हणून हसण्यापेक्षा रोज एक तास वेगळा दिला तर दोन-तीन महिन्यांत ते मार्गाला लागते. तो तास मागून घेतला पाहिजे.

आता करायचे काय

रडून काही मिळत नाही, हे आपण कापसाच्या भावात शिकलो आहोत. जिल्हा मेळाव्याला येण्याआधी प्रत्येक गावात बैठक घ्या आणि पुढील गोष्टी पक्क्या करा.

एक. दाखला नाही म्हणून पोर घरी बसवू नका. कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखल्याला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. पंधराव्या कलमाप्रमाणे वर्षाच्या मधेही प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापक 'जुन्या शाळेने संगणकावर नाव सोडले नाही' म्हणाले तर त्यांना सांगा, पोर आज वर्गात बसेल, संगणकाचे खाते पाहून घेईल. नकार असेल तर लेखी मागा. लेखी मागितला की बहुतेक नकार विरघळतो.

दोन. एकट्याने जाऊ नका. बंद पडलेल्या शाळेच्या सगळ्या गावांतल्या पालकांची यादी करा: मुलाचे नाव, वर्ग, भरलेली रक्कम, पावती आहे की नाही. पावती नसेल तर फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद, बँकेचा उतारा, फीचे कार्ड, जे असेल ते. यादीची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला, एक ठाण्यात, आणि दोन्हींची पोच घ्या. कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. त्यापुढे बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

तीन. नववी-दहावीची पोरे चौदा वर्षांच्या वरची, ती या कायद्याबाहेर पडतात. त्यांचे बोर्डाचे अर्ज अडकू नयेत म्हणून त्यांची वेगळी यादी माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे पहिल्या आठवड्यातच द्या. जवळच्या शाळेतून अर्ज भरून घेण्याची जबाबदारी त्यांची. एक वर्ष गेले तर ते पोर सहसा परत येत नाही.

चार. पुढच्या जूनपासून वर्षाची फी एकदम देऊ नका. शाळेला मान्यता आहे का, कितवीपर्यंत आहे, हे पंचायत समितीत विचारून घ्या आणि महिन्याची फी महिन्याला, पावतीवर द्या. मजुराला आपण काम पाहून पैसे देतो, तोच नियम शाळेला.

पाच. सरकारकडे मागणे तीनच. शाळा बंद करायची असेल तर शैक्षणिक वर्ष पूर्ण केल्याशिवाय बंद करता येणार नाही, आणि केली तर १८ व्या कलमात आहे तसा, मुले कुठे जातील याचा आदेश शिक्षणाधिकाऱ्याने आठ दिवसांत काढावा. मान्यतेच्या वेळी संस्थेची जी ठेव किंवा तारण असेल, त्यावर पहिला हक्क फी भरलेल्या पालकाचा. आणि २५ टक्क्यांचे थकलेले देणे सरकारने व्याजासह फेडावे.

सहा. गावची जिल्हा परिषद शाळा पट कमी म्हणून मिटवायचा हुकूम आला तर ग्रामसभेचा ठराव करून विरोध करा. ज्यांची पोरे खाजगी शाळेत आहेत त्यांनी या ठरावावर पहिली सही करावी.

व्यापारी पळाला तर आपण त्याच्या गोदामापुढे बसतो. मान्यतेची सही करून हात झटकणाऱ्या खात्याच्या दारात बसायला आपण का कचरतो? भरलेली फी ही आपल्या कपाशीची किंमत आहे, भीक म्हणून कोणाच्या ओंजळीत टाकलेली नाही. ती कुठे गेली हे विचारायला जिल्हा मेळाव्याला याल तेव्हा रिकाम्या हाताने येऊ नका. यादी घेऊन या.